बागेतला छोटा ट्रॅक्टर घरीच रंगवायचा असेल तर : स्वस्त स्प्रे गनवाल्यांसाठी

द्राक्षबागेत राबणारा छोटा ट्रॅक्टर पाच-सहा वर्षांतच म्हातारा दिसायला लागतो. इंजिन ठणठणीत असतं, पण मडगार्डचा रंग पापुद्र्यांनी उडतो, मागे ट्रॉली-अवजार जोडायच्या ड्रॉबारजवळ गंज चढतो आणि बॉनेटची चमक जाऊन ते खडूसारखं पांढरट पडतं. फवारणीचं पाणी हे यामागचं मोठं कारण. बोर्डो मिश्रणात चुना कमी पडून मोकळा राहिलेला मोरचूद उघड्या लोखंडावर पडला की त्यातलं तांबं लोखंडावर बसतं आणि खालचं लोखंड झिजत जातं. म्हणजे एकदा टवका उडाला की तिथला गंज साध्या पाण्याच्या गंजापेक्षा वेगाने पसरतो. त्यामुळे बागेतल्या ट्रॅक्टरला रंग देणं मला हौसेचं काम वाटत नाही, ते देखभालीचंच काम आहे.

निफाडच्या बाजूला आमच्याकडे हे काम मी घरीच करतो. आसपासचे लोक बघायला येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : सात-आठशेच्या गनने असा रंग बसतो का? बसतो. महागड्या गनने काम सोपं होतं हे खरं, पण घरच्या कामात रंग बिघडतो तो बहुतेक वेळा ओल्या हवेमुळे, कमी पडणाऱ्या हवेमुळे किंवा खालचा पत्रा नीट न घासल्यामुळे. म्हणून गनवर वाचलेले पैसे पाणी पकडणाऱ्या फिल्टरवर आणि चांगल्या मास्कवर घाला. या लेखातली एवढी एक गोष्ट पाळलीत तरी निम्मं काम झालं.

१. आधी वेळ आणि रंग ठरवा

काढणी संपलेली आहे, खरड छाटणीला (काढणीनंतरच्या वेलींच्या छाटणीला) अजून अवकाश आहे आणि ट्रॅक्टर आठवडाभर उभा राहिला तरी चालतंय, हा काळ उत्तम. पावसाळ्यात रंगकाम करू नका. थंडीत दव पूर्ण वाळल्याशिवाय रंगाचा हात (थर) मारू नका. मार्चमध्ये सकाळी 8 ते 11 ही वेळ चांगली. दुपारी पत्रा हाताला चटका देतो. अशा पत्र्यावर रंग पसरायच्या आतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

रंग कंपनीचा आहे तोच द्या. आरसी बुकात रंगाची नोंद असते. वेगळा रंग द्यायचाच असेल तर आधी आरटीओत विचारून रीतसर नोंद करून घ्या. दुकानात जाताना आरसीची झेरॉक्स आणि बॉनेटच्या आतल्या बाजूचा, ऊन न लागलेला एखादा छोटा भाग सोबत न्या. बाहेरचा उडालेला रंग दाखवून शेड जुळवली, तर नवा रंगही उडालेलाच मिळतो.

आता रंगाचा प्रकार. नवख्या माणसाने सिंथेटिक इनॅमल घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. ते हळू सुकतं, पण पत्र्यावर छान पसरतं, छोट्या चुका पोटात घेतं आणि टर्पेंटाइनमध्ये पातळ होतं. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग पटकन सुकतो, पण हवेत दमटपणा असला की पांढुरका पडतो आणि चमक आणायला पॉलिश करावं लागतं. हार्डनर घालून वापरायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग सगळ्यात टिकाऊ आणि सगळ्यात देखणा. तो घरी मारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासातून गेला तर कायमचा दमा जडू शकतो, आणि त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. ते काम ज्याच्याकडे तशी सोय आहे त्यालाच करू द्या.

२. काय काय लागेल

- वरच्या कपाची स्प्रे गन, नोझल 1.4 मिमी. प्रायमरसाठी 1.7 किंवा 1.8 चं नोझल असलेली दुसरी स्वस्त गन मिळाली तर फारच चांगलं.
- कॉम्प्रेसर, किमान 10 मीटर हवेची नळी, प्रेशर कमी-जास्त करायचा रेग्युलेटर, पाणी पकडणारा फिल्टर.
- थिनरसारख्या द्रवांची वाफ अडवणारं (ऑरगॅनिक व्हेपर) कार्ट्रिज आणि पुढे धूळ-फिल्टर असलेला रबरी मास्क, गॉगल, नायट्राइलचे हातमोजे.
- पॉलिश पेपर 80, 180 आणि 320 नंबरचे. वॉटर पेपर 400 आणि 600 चे. ग्राइंडरला लावायचा तारेचा ब्रश.
- रेड ऑक्साइड प्रायमर 1 लिटर, इनॅमल 1 लिटर, रिमचा रंग अर्धा लिटर, टर्पेंटाइन 3 लिटर, थोडी पुट्टी. फक्त बॉनेट, मडगार्ड आणि रिम रंगवायचे असतील तर एवढं पुरतं.
- मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं, धागे न सुटणारं सुती कापड, रंग गाळायची जाळी.
- घरातल्या जुन्या लग्नपत्रिका. फेकू नका, पुढे कामाला येतील.

साधा कापडी रुमाल किंवा धुळीचा मास्क रंगाची वाफ अडवत नाही. मास्क लावूनही थिनरचा वास यायला लागला तर कार्ट्रिज संपलं असं समजा आणि बदला.

३. कॉम्प्रेसर : इथेच खरी मेख आहे

गन घेताना लोक प्रेशर विचारतात. विचारायला हवं ते सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती हवा लागते ते. पंक्चरवाल्याकडचा किंवा घरातला 1 एचपीचा छोटा कॉम्प्रेसर कागदावर साधारण 3 ते 4 सीएफएम दाखवतो. त्यात आणखी एक गोम आहे : पाटीवरचा आकडा बहुधा पिस्टनच्या मापावरून काढलेला असतो. बाहेर येणारी हवा त्याहून बरीच कमी असते.

दुसरीकडे एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) लिहिलेल्या बऱ्याच गनला 8 ते 12 सीएफएम लागते. ही गन रंग कमी उडवते, म्हणून दुकानदार तिची शिफारस करतो. छोट्या कॉम्प्रेसरवर मात्र ती धापा टाकते. सुरुवातीचा फवारा झकास येतो, मग टाकीतलं प्रेशर उतरतं आणि रंगाचे थेंब पडायला लागतात. म्हणून 1 एचपीवर काम करणार असाल तर कमी हवेवर चालणारी छोटी गन घ्या, एका वेळी एकच भाग रंगवा आणि टाकी भरेपर्यंत थांबा. 2 एचपी असेल तर साध्या पद्धतीची मध्यम गन आरामात चालते. तिने अर्ध्याहून जास्त रंग हवेत जातो हे मान्य, पण छोट्या ट्रॅक्टरला मुळात रंग लागतोच किती!

पाण्याचं गणित नीट समजून घ्या. हवा दाबली की तापते आणि तिच्यातला दमटपणा वाफेच्या रूपात तसाच राहतो. ती टाकीत आणि नळीत गार झाली की पाणी सुटतं. हे पाणी नोझलमधून रंगात गेलं की रंगावर बारीक खड्डे आणि फोड येतात. म्हणून फिल्टर थेट कॉम्प्रेसरच्या तोंडाला लावून उपयोग नाही, कारण तिथली गरम वाफ जाळीतून सरळ निघून जाते. 10 मीटर नळी जमिनीवर पसरा, तिच्यात हवा गार होऊ द्या आणि फिल्टर त्या टोकाला, गनच्या अलीकडे लावा. काम सुरू करण्याआधी टाकीच्या तळाचा कॉक उघडून पाणी काढा आणि मधे मधेही काढत जा. पहिल्यांदा कॉक उघडाल तेव्हा तपकिरी, तेलकट पाणी फुर्रकन बाहेर येईल. एरवी ते तुमच्या बॉनेटवर गेलं असतं.

विजेचंही बघा. शेतातल्या पाळीपाळीने येणाऱ्या थ्री-फेजवर हे काम ठरवू नका, मधेच लाइट गेली की हात अर्धवट राहतो. घरच्या सिंगल फेजवर करा. कॉम्प्रेसर मीटरजवळच्या जाड वायरच्या पॉइंटला लावा आणि अंतर हवेच्या नळीने गाठा. लांबलचक बारीक एक्स्टेन्शनवर व्होल्टेज उतरतं आणि मोटार जळते. शिवाय मोटारीची ठिणगी आणि थिनरची वाफ एकमेकांपासून लांब राहिलेलीच बरी.

४. धुणं आणि उघडणं

धुताना हातमोजे घाला, कारण त्या चिखलात हंगामभराची औषधं आहेत. ते पाणी विहिरीकडे किंवा जनावरांच्या हौदाकडे वाहू देऊ नका. आधी तेल-ग्रीस रॉकेलने सोडवा, मग साबणाच्या गरम पाण्याने धुवा, नंतर साधं पाणी भरपूर मारा. मडगार्डची आतली बाजू, सीटच्या खालचा भाग, फवारणीचा ब्लोअर जोडतो तिथला मागचा सांगाडा आणि बॉनेटच्या जाळीतलं गंधक या जागा बहुतेक वेळा सुटतात.

बॅटरीची वायर काढा. बॉनेट, मडगार्ड, दिवे उतरवा. प्रत्येक नट काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या आणि नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत, वर नाव लिहून ठेवा. मागची चाकं काढायच्या भानगडीत पडू नका. टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर ती एकट्याला आवरत नाहीत.

५. घासणं

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही आहे. जिथे गंज आहे तिथे तारेच्या ब्रशने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत जा, आणि गंजाच्या कडेपासून बोटभर बाहेरपर्यंत जा, कारण गंज चांगल्या दिसणाऱ्या रंगाखाली शिरलेला असतो. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडवालं गंजनाशक लावा आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे पुसून किंवा धुऊन टाका. जिथे जुना रंग घट्ट आहे तिथे तो खरवडून काढायची गरज नाही. 320 ने घासून त्याची चमक मारा, म्हणजे नवा रंग धरेल.

एक चाचणी जरूर करा. एनसी थिनरमध्ये चिंधी भिजवून जुन्या रंगावर मिनिटभर दाबून धरा. रंग सुरकुतला किंवा चिंधीला लागला तर मधे कुणीतरी स्थानिक रंग मारलेला आहे. तो काढावा लागेल, नाहीतर निदान त्यावर एनसी प्रकारचं काहीही येऊ देऊ नका. कंपनीचा भट्टीत पकवलेला रंग या चाचणीत हलत नाही.

जुना रंग कोरडा घासताना उडणाऱ्या धुळीत शिसं असू शकतं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी 90 पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, पण औद्योगिक रंग त्या नियमात येत नाहीत. म्हणून जिथे जमेल तिथे पाणी लावून घासा, मास्क ठेवा आणि लहान मुलांना त्या दिवशी अंगणात येऊ देऊ नका.

६. झाकणं

रंग जिथे लागता कामा नये अशा जागा : चासी आणि इंजिन नंबर, रेडिएटरच्या बारीक पट्ट्या, ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं तोंड), एअर क्लिनरचं आणि सायलेन्सरचं तोंड, हायड्रोलिकचे चकचकीत रॉड, पीटीओ शाफ्ट (मागचं अवजार फिरवणारा दांडा), ऑइल सील, ग्रीस निपल, आणि वायरिंगची अर्थ जिथे चासीला बसते ती जागा. अर्थच्या जागी रंग गेला तर नंतर स्टार्टर कुरकुरतो आणि कारण सापडता सापडत नाही. सायलेन्सरला साधा इनॅमल लावू नका, जळून जातो. उष्णता सोसणारा ॲल्युमिनियम रंग वेगळा मिळतो.

आता लग्नपत्रिका काढा. टायर आणि रिमच्या फटीत त्या एकावर एक थोड्या चढवून गोल खोचत जा. टायरला टेप चिकटत नाही, पण जाड पत्रिका घट्ट बसते, आणि रिम रंगवून झाली की सगळ्या एकदम उपटून टाकता येतात.

७. नवी गन आधी खोलून धुवा

स्वस्त गन डब्यातून काढून लगेच वापरू नका. आत मशिनिंगचं तेल आणि कधी कधी पितळेचा कीस असतो. पुढची एअर कॅप, नोझल आणि सुई काढा, सगळं थिनरमध्ये धुवा आणि परत बसवा. कपात थोडं टर्पेंटाइन घालून ट्रिगर न दाबता गन धरून ठेवा. टोकातून थेंब गळत असेल तर सुई नोझलमध्ये नीट बसत नाही. नोझल किंचित आवळून पाहा, तरीही गळत असेल तर दुकानदाराकडून बदलून घ्या. सुईच्या मागून गळत असेल तर पॅकिंगचा छोटा नट थोडा आवळा, मात्र सुई मोकळी सरकली पाहिजे. एअर कॅपची भोकं साफ करायला दातकोरणं वापरा. तार घातली की भोक वाकडं होतं आणि पंखा, म्हणजे फवाऱ्याचा पसारा, कायमचा बिघडतो.

गनला साधारण तीन स्क्रू असतात : पंख्याची रुंदी, रंगाचं प्रमाण आणि हवा. प्रेशर नेहमी ट्रिगर दाबलेला असताना वाचा. न दाबता 50 दिसत असलं तरी दाबल्यावर 30 वर येऊ शकतं. साध्या गनला ट्रिगर दाबून 40 पीएसआयच्या आसपास सुरुवात करा. एचव्हीएलपीला 25 ते 30.

८. रंग पातळ करणं

फोर्ड कप बी-4, म्हणजे रंगाचा घट्टपणा मोजायचा तळाला भोक असलेला कप, घ्या. तो रंगाने काठोकाठ भरा, खालचं भोक सोडा आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजा. इनॅमलसाठी 20 सेकंदांच्या आसपास चांगलं चालतं. थिनर एकदम ओतू नका, थोडं थोडं घालून ढवळा आणि पुन्हा मोजा. रंग जाळीतून गाळल्याशिवाय कपात घालू नका. स्वस्त गनचं नोझल तुंबायला एक पापुद्रा पुरतो.

थिनर म्हणून पेट्रोल वापरणारे अजून बरेच भेटतात. कृपा करून वापरू नका. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेट घेते; वर रंगाची चमकही जाते. रंग चालू असताना आसपास चूल, बिडी, ग्राइंडर काहीही नको.

९. अस्तर आणि मग रंग

जागा बागेपासून आणि बेदाण्याच्या शेडपासून लांब निवडा, कारण उडालेला रंग वाऱ्याने बराच लांब जातो. शेडला तीन बाजूंनी कापड लावा, चौथी उघडी ठेवा, आणि धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडा. पत्रा टर्पेंटाइनच्या स्वच्छ कापडाने पुसा आणि त्यानंतर त्याला उघड्या हाताने शिवू नका.

अस्तर म्हणजे रेड ऑक्साइड प्रायमर. त्याचे दोन पातळ हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. खड्डे असतील तर पुट्टी भरा, वाळल्यावर घासा, आणि पुट्टीवर पुन्हा अस्तर मारा. मग सगळं 400 च्या वॉटर पेपरने हलकं घासून पुसा. अस्तर मारून ट्रॅक्टर आठवडाभर बाहेर ठेवू नका. अस्तर दमटपणा शोषून घेतं आणि खाली पुन्हा गंज धरतो.

आता मुख्य रंग. आधी पुठ्ठ्यावर मारून बघा. फवारा उभा धरलात तर लांबट, दोन्ही टोकांना सारखा पट्टा दिसला पाहिजे. मधे जाड आणि कडेला विरळ असेल तर रंग जास्त किंवा हवा कमी. दोन टोकांना जाड आणि मधे रिकामा असेल तर हवा जास्त. एका बाजूलाच झुकत असेल तर एअर कॅपचं एखादं भोक तुंबलंय.

गन पत्र्यापासून वीतभर, म्हणजे 15 ते 20 सेंमी लांब. मनगट वाकवून कमान काढू नका, सगळा हात पत्र्याला समांतर न्या. ट्रिगर पत्र्याच्या कडेच्या बाहेर दाबायचा आणि दुसऱ्या कडेच्या बाहेर सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर आला पाहिजे. आधी कडा, कोपरे आणि आतल्या बाजू, मग मोठा सपाट भाग. बॉनेट उभं टांगण्यापेक्षा आडवं ठेवलंत तर ओघळ कमी येतात.

पहिला हात अगदी विरळ, खालचं अस्तर दिसेल इतका. तो हाताला चिकट लागायला लागला, साधारण 15-20 मिनिटांनी, की दुसरा हात भरून, ओला चमकेल असा. बहुतेक वेळा एवढ्यावर काम भागतं. तिसरा हात हवा असेल तर मधे दुसरा दिवस जाऊ द्या, नाहीतर खालचा मऊ रंग सुरकुततो.

१०. बिघडलं तर

ओघळ आला तर ओल्यात बोट लावू नका. चार दिवस वाळू द्या, 600 च्या वॉटर पेपरने सपाट करा आणि त्या भागावर पुन्हा हात मारा. संत्र्याच्या सालीसारखी बारीक दाणेदार चमक आली तर रंग घट्ट आहे, प्रेशर कमी आहे किंवा गन लांब धरली आहे. रंगात गोल डोळे पडून खालचं अस्तर दिसत असेल तर पत्र्यावर तेल किंवा सिलिकॉन राहिलंय, नाहीतर नळीतून तेलकट हवा येतेय. अशा वेळी वर रंग थोपत राहू नका. थांबा, तो भाग पुसून काढा, कारण दूर करा. पृष्ठभाग धुळकट, खरखरीत लागला तर पत्रा फार तापलेला आहे किंवा वारा आहे.

११. गन लगेच धुवा

रंग संपल्यावर चहाला जायच्या आधी गन धुवा. उरलेला रंग ओता, कपात टर्पेंटाइन घालून स्वच्छ येईपर्यंत फवारा, मग एअर कॅप, नोझल आणि सुई काढून ब्रशने धुवा. अख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवू नका, आतले वॉशर फुगतात. सुईला पॅकिंगपाशी एक थेंब व्हॅसलिन लावून ठेवा. असं केलंत तर सात-आठशेची गनही वर्षानुवर्षं चालते. इनॅमलने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेटू शकतात. मोकळ्या जागेत एकेक पसरून वाळवा.

१२. जोडणी

इनॅमल दुसऱ्या दिवशी हाताला सुका लागतो, पण आतून मऊ असतो. तीन-चार दिवसांनी जोडा, बोल्टखाली वॉशर ठेवा आणि पान्याला कापड गुंडाळा. पहिले दोन-तीन आठवडे प्रेशरने धुऊ नका आणि बोर्डोचं पाणी पडलं तर त्याच दिवशी साध्या पाण्याने धुऊन काढा. उरलेला रंग छोट्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावून बरणी उलटी ठेवा, म्हणजे साय वर धरत नाही. ड्रॉबारजवळ आणि मडगार्डच्या कडेला टवका उडाला की त्याच आठवड्यात घासा, आधी रेड ऑक्साइडचं बोट आणि तो वाळल्यावर या बरणीतला रंग ब्रशने लावा.